मार्च महिन्यातली गिनती

मार्च लागला की मला राग येतो. कुणाचा, ते नेमकं सांगता येत नाही. शेजारच्या फ्लॅटमधून सकाळी सकाळी कुणीतरी घोकून व्याख्या पाठ करायला लागतं. खाली पनवेलच्या रस्त्यावर टेम्पोला पांढऱ्या कांद्याच्या माळा लटकतात. अकराच्या आधी शाळेच्या फाटकाशी छातीशी पॅड धरलेली मुलं दिसतात आणि त्यांच्यापेक्षा घाबरलेले त्यांचे आईबाप. हे सगळं एकदम समोर आलं की माझ्या कपाळाला आठी पडते, ती एप्रिल उजाडेपर्यंत जात नाही.

यंदा त्यात भर पडली ती अण्णांच्या शाळेतून आलेल्या फोनची. शाळा स्मरणिका काढतेय, त्यात माझ्या वडिलांवर तीनशे शब्द हवेत. फोनवरचा तरुण शिक्षक फार अदबीने बोलत होता. मथळासुद्धा त्यानेच सुचवला, ‘माजी सैनिक, आदर्श शिक्षक, कुटुंबवत्सल गृहस्थ’.

पहिल्या दोन गोष्टींबद्दल माझी तक्रार नाही. पण तिसरी ऐकून मी विचारलं, "कुठल्या कुटुंबाचे वत्सल?"

तो गडबडला. "म्हणजे... तुमच्याच ना, मॅडम."

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. तीनशे शब्द अजून लिहिलेले नाहीत. त्याऐवजी हे लिहितेय.

अण्णा अठराव्या वर्षी फौजेत गेले. पंधरा वर्षं काढली, एक लढाई पाहिली आणि परत आले. त्या लढाईबद्दल ते कधीच काही बोलले नाहीत. शाळेतली मुलं फार मागे लागली तर सांगायचे, "थंडी फार होती. मोजे कधी वाळायचे नाहीत." झालं. मुलांची तोंडं पडायची. बंदूक नाही, शत्रू नाही, नुसते मोजे. फौजेतच त्यांनी मॅट्रिक केलं होतं. परत आल्यावर शिकवण्याची परीक्षा दिली आणि डोंगराकडच्या एका गावातल्या हायस्कुलात गणित आणि पीटीचे सर म्हणून लागले. मुलं त्यांना ‘फौजी सर’ म्हणायची. ती शाळा आमच्या गावापासून एसटीने सव्वा तास. आमचं गाव समुद्राकडचं, चौलच्या अलीकडचं. आमच्या घरामागे सुपारीची बाग, पलीकडे विहार, आणि वारं पडलं की सगळ्या आळीत सुकत घातलेल्या मासळीचा वास.

या भूगोलातच माझ्या सगळ्या तक्रारीचं मूळ आहे. कारण दहावीच्या परीक्षेचं केंद्र आमच्या गावात होतं. अण्णांच्या शाळेतल्या मुलांना पेपर द्यायला तिथे यावं लागायचं. सकाळची गाडी कधी यायची, कधी नाही. एका वर्षी गाडी आली नाही म्हणून तीन मुलांचा पेपर बुडाला. त्याच्या पुढच्या मार्चपासून अण्णांनी ती अडचण कायमची सोडवली. मुलांना आमच्या घरी आणून ठेवलं.

दोन खोल्या आणि एक पडवी. त्यात आम्ही चौघं: आई, अण्णा, माझा धाकटा भाऊ आणि मी. आणि मार्चमध्ये वर दहा, कधी बारा. मुली आतल्या खोलीत, मुलगे पडवीत. वळकट्या भिंतीला टेकवून रांगेत, कोपरे दाबून बसवलेले, कारण तशा नसल्या तर अण्णा त्या उलगडून पुन्हा करायला लावायचे. पहाटे पाचला शिट्टी. आंघोळीच्या बंबापाशी रांग. आणि सकाळ-संध्याकाळ अंगणात गिनती. हा शब्द त्यांनी फौजेतून आणला होता. मुलं एका ओळीत उभी राहायची, एक, दोन, तीन म्हणत शेवटपर्यंत जायची, आकडा बरोबर आला की अण्णा मान हलवायचे आणि मगच चहा.

त्या ओळीत मी नसायचे. मी घरची. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघायचे.

चहा कुणी करायचा? आई आणि मी. चौदा-सोळा माणसांचं वालाचं बिरडं कधी सोललंय? भिजवलेला, मोड आलेला वाल एकेक करून सालीतून काढायचा. बोटांची टोकं सुरकुततात आणि तो कच्चट वास दोन दिवस हातांना राहतो. इतिहासाच्या पेपरच्या आदल्या दिवशी मी मांडीत पुस्तक आणि पुढ्यात परात घेऊन बसले होते. पानांवर साली चिकटलेल्या. आईला म्हटलं, "माझीसुद्धा दहावी आहे हे कुणाच्या लक्षात आहे का या घरात?"

आई परातीतून मान वर न करता म्हणाली, "माझ्या आहे. त्यांना सांग."

पण त्यांना सांगायची सोय नव्हती. अण्णा चिडत नसत, तीच पंचाईत होती. ते शांतपणे ऐकून घ्यायचे आणि मग म्हणायचे, "तू घरी आहेस. ती घर सोडून आली आहेत." यावर काय बोलणार?

तो माझ्या दहावीचा मार्च. त्या वर्षी मुक्कामाला आलेल्यांत सुरेखा होती. डोंगरातल्या वाडीवरची, काटकुळी, फार कमी बोलणारी. तिचे आईबाप दिवाळीनंतर पेणच्या बाजूला वीटभट्टीवर जायचे ते पाऊस लागेपर्यंत परतायचे नाहीत. ती आजीपाशी राहून शाळा करायची. तिच्या वाडीतून दहावीला बसलेली ती पहिलीच मुलगी, असं अण्णा आल्यागेल्याला सांगायचे. आमच्या घरी ती कोपऱ्यात बसायची आणि पुस्तक उघडलं की पाच मिनिटांत पेंगायची. मला तिचा विशेष राग येई. माझ्या उशीवर झोपते आणि अभ्यासही करत नाही!

मला बीजगणिताची भीती होती. गणिताच्या सरांच्या मुलीला गणिताची भीती आहे हे गावात कळलं तर काय, म्हणून मी ती कुणाला कळू दिली नव्हती. फक्त एकदा, उगाच सहज बोलल्यासारखं, अण्णांना म्हटलं होतं, "पेपरच्या दिवशी सकाळी माझी समीकरणं घ्याल का एकदा?"

"घेतो. सहाला बस."

एवढ्यावर मी आठ दिवस काढले. सहाला अण्णा माझ्याजवळ बसणार, फक्त माझ्याजवळ, आणि समीकरणं सुटणार.

आदल्या संध्याकाळी गिनती झाली आणि आकडा एकाने कमी आला. पुन्हा म्हणून घेतली, पुन्हा कमी. सुरेखा नव्हती. तिच्या सोबतच्या मुलीने खाली बघत सांगितलं, "तिचा बा आलता दुपारी. आई आजारी हाय म्हून घेऊन गेला भट्टीवर. धाकट्याला सांभाळाया कुनी न्हाय."

अण्णांनी मुलांना आत पाठवलं. आपण अंगणात तसेच उभे राहिले, हात पाठीमागे बांधून. मी दारात होते. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा, पण ते मला बघत नव्हते.

सकाळी सहाला मी वही-पेन घेऊन पडवीत आले. मुलगे पाठ करत बसले होते. अण्णांच्या चपला जागेवर नव्हत्या.

"गेले," आई चुलीपुढून म्हणाली. "पहिल्या गाडीने. पेणला."

"माझी समीकरणं घेणार होते."

आईने माझ्याकडे पाहिलं. तिच्या हातात पोळीचा उंडा होता. "मी काय करू, बाई?" ती म्हणाली, आणि तिचा आवाज इतका थकलेला होता की मला पुढे रडताही आलं नाही. तिला अजून तेरा माणसांच्या पोळ्या लाटायच्या होत्या.

मी एकटी निघाले. बाकीची मुलं पुढे घोळक्याने चालत होती. मी मागे राहिले. आमच्या घरापासून केंद्र दहा मिनिटांवर. वाटेत कांद्याची शेतं होती. उपटलेला कांदा पातीसकट पसरून ठेवलेला आणि बायका बसून वेण्या घालत होत्या. एकीने विचारलं, "आज कंचा पेपर गं, सरांच्या पोरी?" मी सांगितलं. ती हसून म्हणाली, "मग काय, तुझ्या घरचाच." तिच्या अंगावर ओरडावंसं वाटलं मला.

फाटकाशी पोचले तेव्हा सगळ्या पोरींच्या आया, आत्या, मामा आलेले. कुणी कपाळाला कुंकू लावत होतं, कुणी साखर खायला घालत होतं. मी भिंतीला टेकून उभी राहिले. अकराला दहा कमी असताना एक विटांचा रिकामा ट्रक धूळ उडवत आला आणि थांबला. त्याच्या मागच्या फाळक्यावरून अण्णा उतरले. डोक्यापासून पायापर्यंत लाल. मग त्यांनी हात वर करून सुरेखाला उतरवलं. तिचे केससुद्धा लाल झाले होते. त्यांनी खिशातून तिचं हॉलतिकीट काढलं, स्वतःचं पेन तिच्या हातात दिलं, रुमाल ओला करून तिचं तोंड पुसायला दिला. मी तीन हात लांब उभी होते. तेव्हा त्यांची नजर माझ्यावर पडली.

"पळ, घंटा होईल," ते म्हणाले.

मला बीजगणितात पंचाहत्तरपैकी एकोणचाळीस पडले. सायन्सच्या यादीत नाव लागलं नाही. मग कॉमर्स, मग विम्याच्या ऑफिसात नोकरी. ती नोकरी वाईट नाही, पण मी ती मागितली नव्हती. आणि सुरेखा? ती नापास झाली. इंग्रजीत आणि बीजगणितात. ऑक्टोबरला पुन्हा बसली नाही, अण्णा दोनदा वाडीवर जाऊन आले तरी नाही. म्हणजे एका सकाळीत अण्णांनी दोन मुलींचं नुकसान केलं, असं मी पुढे कितीतरी वर्षं म्हणत असे. अर्थात नवऱ्यापाशी. अण्णांपाशी नाही.

दरम्यान मार्च येतच राहिले. माझं लग्न झालं, भाऊ पुण्याला गेला, अण्णा निवृत्त झाले, तरी मुलं येतच राहिली. मी बाळंतपणाला माहेरी गेले तो मार्चच होता. माझ्या तान्ह्या मुलीला झोळीत झोका देत एक परीक्षार्थी मुलगा भूमितीची प्रमेयं म्हणत होता आणि अण्णा त्याला सांगत होते, "हळू म्हण, पण चुकू नको." आई तोवर बोलायची थांबली होती. ती फक्त भांडी जरा जोरात ठेवायची.

चार-पाच वर्षांपूर्वी पेणच्या बाजारात एका बाईने मला हाक मारली. टोपलीत करवंदं, बाजूला वालाच्या शेंगा. मी ओळखलं नाही. तीच म्हणाली, "मी सुरेखा. तुमच्या उशीवर झोपायची."

आम्ही तिथेच उभ्या राहून बोललो. मी अण्णांबद्दल सांगितलं, की अजून तसेच आहेत, ऐकत नाहीत. ती खळखळून हसली. "लय तरास द्यायचे ओ सर! मला काय परीक्षाबिरीक्षा द्यायची न्हवती, ताई. माझी आय तापानं फणफणलेली. मी न्हाय म्हनले, बा न्हाय म्हनला, मालक न्हाय म्हनला. सर नुसते उभे. बसा म्हनलं तर बसनात. शेवटी आयच म्हनली, जा बाय, न्हायतर हा मानूस हितंच उभा ऱ्हाईल. आन् ट्रकात बी सोडलं न्हाय. तुमचं गाव येईपरत्यान् सूत्रं म्हनून घेतली माझ्याकडून. तोंडात समदी धूळ!"

"माझी घेणार होते ती," मी म्हणाले. मग मलाही हसू आलं. कित्येक वर्षांत प्रथमच कुणीतरी माझ्या बाजूचं भेटलं होतं. आम्ही दोघींनी मिळून अण्णांना भरपूर नावं ठेवली.

निघताना तिने माझ्या पिशवीत मूठभर करवंदं टाकली आणि म्हणाली, "पर एक हाय, ताई. माझं लगीन झालं, तीन पोरं झाली, दोनदा दवाखान्यात पडले. मला घ्यायला म्हून कुनी आलं न्हाय कदी. सरच आलते."

घरी येईपर्यंत माझी चिडचिड वाढली होती. सुरेखाने माझ्या रागाची जागाच काढून घेतली होती. आता धड रागावताही येईना.

गेल्या मार्चमध्ये आईचा फोन आला. अण्णांच्या छातीत पाणी होत होतं, डॉक्टरने झोपून राहायला सांगितलं होतं आणि ते झोपत नव्हते. "तू ये आणि सांग," आई म्हणाली. "माझं आता ऐकणं सोडलंय त्यांनी. ऐकत होते कधी, तेही आठवत नाही."

मी गेले. साडेदहाला बघते तर अण्णा काठी टेकून पडवीच्या पायरीवर. रस्त्याने पेपरला जाणारी मुलं चालली होती, आणि हे एकेकाला अडवत होते. "आज काय? हॉलतिकीट घेतलंस? पेनं दोन आहेत ना?" एक मुलगी बिचारी थांबून खरंच कंपास उघडून दाखवत होती.

"अण्णा, तिला उशीर होतोय! आणि तुम्हाला झोपून राहायला सांगितलंय."

त्यांना धरून आत आणलं. कॉटवर बसवलं. ते धापत होते. त्या वेळी मी गप्प बसायला हवं होतं. पण तीस वर्षांचं साचलेलं नेमकं त्याच वेळी तोंडातून बाहेर पडलं.

"माझ्या बीजगणिताच्या पेपरला तुम्ही भट्टीवर गेला होतात."

"हो," ते लगेच म्हणाले. "सुरेखाला आणायला."

"सकाळी सहाला माझी समीकरणं घेणार होतात."

ते विचार करू लागले. खरंच आठवत नव्हतं त्यांना. "तुझी तयारी होती," ते म्हणाले.

"नव्हती. मला भीती वाटत होती. येत असलेलं एक उदाहरण मी कोरं सोडलं."

"सांगितलं नाहीस."

"कधी सांगणार? तुम्ही ट्रकातून उतरलात आणि म्हणालात, पळ."

मग ते म्हणाले, "ती आली नसती, नंदा. तू जाणार होतीस, हे मला माहीत होतं."

"मी जाणार होते म्हणून माझ्याकडे बघायचंच नाही?"

अण्णांनी तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना निरुत्तर केलं, आणि त्याच क्षणी वाटलं, कशाला बोलले मी. त्यांनी उशीला डोकं टेकलं आणि डोळे मिटून घेतले. दिवसभर पुन्हा तो विषय निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी मला परतायचं होतं. नऊला बॅग घेऊन बाहेर आले तर अण्णा बूट घालून तयार. शर्ट पँटीत खोचलेला, केस ओले करून विंचरलेले.

"चल. स्टँडवर सोडतो."

"अहो, काय चाललंय?" आई स्वयंपाकघरातून धावत आली. "पायरी उतरायची नाही सांगितलंय तुम्हाला! नंदा, तू तरी सांग."

मी सांगितलं. विनवलं, ओरडले, रिक्षा बोलावते म्हटलं. ते पायरी उतरून चालायलाही लागले होते. माझी बॅग त्यांनीच उचलली, आणि मी एका हाताने त्यांना आणि दुसऱ्या हाताने बॅगेचा दुसरा बंद धरून चालू लागले. दहा मिनिटांचा रस्ता. मोरीवर बसलो. पिठाच्या गिरणीपाशी बसलो. विहाराच्या पायरीवर बसलो. प्रत्येक वेळी मी म्हणायचे, "आता बास, परत जाऊ," आणि ते उठून पुढे चालायचे. शेवटच्या वळणावर असताना माझी गाडी समोरून निघून गेली.

"गेली ना!"

"दुसरी येईल."

स्टँडवर बाकडं होतं. बसले नाहीत. उन्हात माझ्या शेजारी पाऊण तास उभे राहिले, काठीवर दोन्ही हात ठेवून. ओळखीच्या एका रिक्षावाल्याला मी त्यांना घरी सोडायला सांगून ठेवलं. गाडी आली. मी खिडकीशी बसले. ते खिडकीखाली येऊन उभे राहिले आणि वर बघत म्हणाले,

"कुठलं होतं ते?"

"काय?"

"उदाहरण. कोरं सोडलंस ते."

"अण्णा, तीस वर्षं झाली!"

"आठवत असेल."

आठवत होतं. तेच तर. "वडिलांचं वय मुलीच्या वयाच्या तिप्पट आहे," मी दात आवळून म्हटलं, "बारा वर्षांनी दुप्पट होईल. तर आज दोघांची वयं काढा."

कंडक्टरने घंटी मारली. अण्णा खिडकीच्या गजाला धरून गाडीबरोबर एक पाऊल चालले. "मुलीचं वय एक्स धर," ते धापत म्हणाले. "आधी मुलीचं धरायचं. वडिलांचं मग आपोआप येतं."

"सोडा, अण्णा! गज सोडा!"

त्यांनी सोडला. रिक्षावाल्याने त्यांना मागून धरलं, तेवढं दिसलं आणि गाडी वळली. पोयनाड येईपर्यंत मी रडत होते की रागाने नाक पुसत होते, कोण जाणे. शेजारच्या बाईने पाण्याची बाटली पुढे केली. मग मी पर्समधून पेन काढलं आणि तिकिटाच्या पाठीवर एक्स लिहिला. तीन ओळींचं उदाहरण. मुलगी बारा वर्षांची.

आईला फोन लावला.

"पोचले घरी. आत्ताच डोळा लागलाय त्यांचा," ती हळू आवाजात म्हणाली. "काय काम होतं? उठवू?"

"नको," म्हटलं.

आणि लगेच म्हटलं, "उठव."